वर्णमालेची रेल्वेलाइन

नमस्कार श्रोतेहो. मुलांना एबीसीडी शिकवायला आपण भिंतीवर तक्ता टांगतो. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात रेल्वेचं टाइमटेबल टांगलं असतं तरी भागलं असतं. फेनवुड, गुडइव्ह, हबर्ड, इटूना, जॅस्मिन, केलिहर... असं करत गाडी वॉट्रस, झीना (स्पेलिंग एक्सनं सुरू होतं), यंग, झेल्मा गाठते, आणि पुन्हा ए! अ‍ॅलन, ब्रॅडवेल, क्लॅव्हेट.

ग्रँड ट्रंक पॅसिफिक कंपनीनं 1908च्या सुमारास ही लाइन टाकली, तेव्हा यातली बहुतेक गावं नव्हतीच. क्री आणि सोतो हे मूळनिवासी लोक मात्र होते. त्यांना 1874च्या तहानंतर राखीव जमिनींवर हलवलं होतं. नव्या गावांत आधी रूळ आले, मग नाव, माणसं शेवटी. दहा डॉलर फी भरून 160 एकर मिळत, म्हणून लोक कुठून कुठून आले.

गावं किती अंतरावर वसवायची, हे कुणी ठरवलं? घोड्यानं! शेतकऱ्यानं गहू घोडागाडीत भरून स्टेशनावर न्यावा आणि दिवेलागणीला घरी परतावं, म्हणून सात ते दहा मैलांवर एकेक गाव. मोठी ठाणी ठरवली इंजिनानं. मेलव्हिल, वॉट्रस, बिगर ही सव्वाशे मैलांच्या आसपास अंतर ठेवून बसवलेली. तिथे इंजिन बदलायचं, ड्रायव्हर-गार्ड बदलायचे. आपलं मनमाड किंवा भुसावळ आठवा, फक्त उणे तीस अंशांत!

गावाची ओळख म्हणजे एलिव्हेटर. लिफ्ट नव्हे हो, धान्याचं उंच लाकडी कोठार. घोडागाडीचं काट्यावर वजन करायचं, गहू खालच्या खड्ड्यात ओतायचा, आणि रहाटगाडग्यासारखी पट्ट्यावरची भांडी तो वर चढवायची. वरून मग तो आपल्या वजनानंच मालडब्यात उतरे.

स्टेशनमास्तर तारमास्तरही असे आणि त्याचं बिऱ्हाड बहुधा स्टेशनातच. शेतकरणी मलईचे कॅन रेल्वेगाडीनं डेअरीला पाठवायच्या, त्या पैशावर घरखर्च चाले. ईटन्स दुकानाचा जाडजूड कॅटलॉग टपालानं यायचा. जुना झाला की त्याची पानं संडासात. समोर चिनी माणसाचं हॉटेल बहुतेक गावांत असायचंच. आणि गाडीची वेळ झाली की काम असो-नसो, गाव फलाटावर. कोण उतरलं, हे कळायला नको?

कंपनी 1919 साली बुडाली, लाइन सरकारकडे गेली. गावांना त्याचं फारसं काही वाटलं नसावं. खरा घाव पुढे बसला. ट्रक आला, घोडा गेला. डिझेल आलं, वाफेच्या इंजिनाची पाण्याची तहान संपली. 1995 साली धान्याच्या रेल्वेभाड्यावरची सरकारी सवलतही गेली, आणि लाकडी एलिव्हेटर भराभर पाडले गेले.

रूळ अजून आहेत, वाहतूकही भरपूर आहे. लांबच लांब मालगाडी येते, फाटकापाशी भोंगा देते, आणि एफपासून व्हीपर्यंतची सगळी अक्षरं न थांबता ओलांडून जाते.