पहिल्या डोसच्या आधी

(दृश्य: बालरोग ओपीडीतली रांग. आयांच्या मांडीवर तापानं मलूल झालेली बाळं.)

तान्ह्या बाळाला ताप आला, पण सर्दी नाही, खोकला नाही, की घरात अंदाज सुरू होतात. दात येत असतील. दृष्ट लागली असेल. लघवीकडे लक्ष जायला वेळ लागतो. मोठं मूल उन्हाळी लागली की जळजळ सांगतं, रडतं; सहा महिन्यांचं बाळ नुसतं किरकिरतं, दूध ओढत नाही, ओकतं. दोन वर्षांखालच्या मुलांचा ताप असा कारणाविना असेल, तर शंभरातल्या साधारण सात जणांना लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग निघतो.

बहुतेकदा जंतू एकच असतो, ई. कोलाय. एरवी तो आतड्यात मुकाट्यानं राहतो. मूत्राशयातून वर किडनीपर्यंत चढला आणि उपचाराला उशीर झाला, तर किडनीवर कायमचे व्रण राहू शकतात. म्हणून योग्य औषध वेळेत पोटात जायला हवं. आणि हल्ली अडतं ते नेमकं इथंच. औषध वेळेत जातं, जंतू त्याला दाद देत नाही.

(दृश्य: नर्सच्या हातात निर्जंतुक बाटली.)

पुढचा सगळा उपचार या बाटलीवर ठरतो, आणि ती पहिल्या डोसच्या आधी भरावी लागते. अँटिबायोटिक एकदा पोटात गेलं की काही तासांत लघवीतले जंतू घटू लागतात आणि कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, काहीच उगवत नाही. दोन दिवसांनी ताप पुन्हा चढला, तर डॉक्टरांच्या हाती अंदाजाशिवाय काही राहत नाही.

बाळाची लघवी धरणं सोपं नाही. चिकटवायची पिशवी सोयीची वाटते, पण तिच्यात कातडीवरचे आणि शीतले जंतू मिसळतात. त्या रिपोर्टवर विसंबून कितीतरी निरोगी बाळांना औषधं दिली जातात. त्यापेक्षा जागा धुवून, बाळाला धरून, मधल्या धारेखाली बाटली धरावी. ओटीपोटावर गार पाण्यात भिजवलेला गॉज हलक्या हातानं फिरवला तर साधारण तिनातलं एक बाळ पाच मिनिटांच्या आत लघवी करतं. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये हे तपासून दाखवलं. बाळ फारच आजारी असेल, तर वाट बघायची नाही. नळीनं नमुना घ्यायचा आणि लगेच इंजेक्शन सुरू करायचं.

बाटली तासाभरात लॅबमध्ये पोचावी, नाहीतर फ्रीजमध्ये जावी. टेबलावर पडून राहिली तर आतले जंतू वाढत जातात आणि रिपोर्ट फसवा येतो.

(दृश्य: प्रयोगशाळा. काचेच्या बशीत गुलाबी ठिपके.)

हे गुलाबी ठिपके म्हणजे ई. कोलायच्या वसाहती. दुसऱ्या बशीत जंतू पसरून त्यावर औषधांच्या चकत्या ठेवल्या आहेत. जिथं औषध चालतं, तिथं चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं. या सेफोटॅक्सिमच्या चकतीला पाहा, जंतू अगदी कडेपर्यंत वाढलेत. हा जंतू ईएसबीएल नावाचं विकर (एन्झाइम) तयार करतो आणि ते विकर औषधाचा रेणूच तोडून टाकतं. आज जगभर पसरलेला या विकराचा एक प्रकार, सीटीएक्स-एम-१५, पहिल्यांदा सापडला तो १९९९ मध्ये दिल्लीतल्या नमुन्यांत.

सेफोटॅक्सिमच्याच कुळातल्या सेफिक्सिमचं गोड सिरप आपल्याकडे घराघरात माहीत आहे. मार्च २०१४ पासून ते शेड्यूल एच-१ मध्ये आहे: चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, आणि विकलं की मेडिकलवाल्यानं वहीत नोंद करायची. तरीही मागच्या वेळची उरलेली बाटली कपाटातून निघते. ती तिथं ठेवूच नये.

(दृश्य: डॉक्टर रिपोर्ट वाचताना.)

रिपोर्ट आला. औषधांसमोर ओळीनं ‘आर’, म्हणजे चालत नाही. आईच्या पोटात गोळा येतो. पण डॉक्टर आधी बाळाकडे बघतात. ताप उतरला असेल, बाळ दूध पीत असेल, तर कागदावर ‘आर’ असूनही चालू औषध लागू पडलेलं असू शकतं, कारण लघवीत काही औषधं फार मोठ्या प्रमाणात साठतात. अशी मुलं बरीच दिसतात.

ताप टिकून असेल तर अमिकासिन. जुनं, स्वस्त, दिवसातून एकदा. बाळ स्थिर असेल तर रोज इंजेक्शन घेऊन घरी जाता येतं. मात्र ते किडनीला आणि कानाला इजा करू शकतं, म्हणून किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासत राहावं लागतं. मूल गंभीर असेल तर मेरोपेनेम, हे राखून ठेवायचं जोरकस अँटिबायोटिक. ते हाताशी आहे म्हणून उठसूट वापरलं, तर उद्या त्यालाही जंतू जुमानणार नाहीत. मोठ्या मुलाची फक्त लघवी जळजळत असेल, ताप नसेल, तर १९५० च्या दशकातलं नायट्रोफ्युरँटॉइन आजही उत्तम चालतं. किडनीपर्यंत संसर्ग गेला असेल तर ते देऊ नये. किडनीच्या पेशींत ते पुरेसं पोचत नाही.

मूल बरं झालं की पुन्हा कल्चर करायची गरज नसते. त्रास नसताना लघवीत सापडलेल्या जंतूंवर औषध देऊ नये.

वारंवार संसर्ग होणाऱ्या मुलांना रोज थोडं अँटिबायोटिक द्यावं का? अमेरिकेत लघवी उलट किडनीकडे जाणाऱ्या ६०७ मुलांवर याचा अभ्यास झाला. २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत पुन्हा होणारे संसर्ग निम्म्यावर आले. पण किडनीवरचे व्रण कमी झाले नाहीत, आणि औषध घेणाऱ्यांत नंतर ई. कोलाय सापडला तो बहुतांश वेळा त्या औषधाला न जुमानणारा. त्यामुळे हा उपाय सरसकट नाही, निवडक मुलांसाठीच.

(दृश्य: शाळेचं आवार, मधली सुट्टी.)

वारंवार संसर्गाचं उरलेलं कारण औषधाच्या दुकानात सापडत नाही. बद्धकोष्ठता असलेलं मूल, लघवी तुंबवून धरणारं मूल पुन्हा पुन्हा आजारी पडतं. शाळेत लघवीला जायला नको म्हणून कितीतरी मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात: भरपूर पाणी, दर दोन-तीन तासांनी लघवी, रोज पोट साफ. स्वच्छतागृहाच्या दाराला कडी आणि नळाला पाणी मात्र शाळा व्यवस्थापन समितीकडूनच मिळवावं लागतं. पालकांनी तिच्या पुढच्याच बैठकीत ते मागावं.