काल किती बदललं?

(दृश्य : सकाळचा रिपरिप पाऊस, फोर्टमधला ओला फुटपाथ. घड्याळात साडेआठ.)

पावसाचा दिवस मध्यरात्री संपत नाही, सकाळी साडेआठला संपतो. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत पर्जन्यमापकात जेवढं साचलं, तेवढा कालचा पाऊस. हवामान खात्याची ही शिस्त जुनी आहे.

याच फुटपाथवरच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, सीएंच्या ऑफिसात सध्या अशीच मोजणी चालू आहे. इथला पर्जन्यमापक म्हणजे कपाटाएवढ्या खोलीतला एक सर्व्हर. वर एसी, एसीखाली बादली.

(दृश्य : सर्व्हरचे लुकलुकणारे दिवे. बादलीत थेंब.)

सरांचा प्रश्न साधा होता. "बॅकअप ऑफिसबाहेर पाठवायचा तर इंटरनेटची लाइन केवढी लागेल?" सिस्टीम बघणारा मुलगा म्हणाला, "सर, आधी रोज किती बदलतं ते मोजू या." सरांना वाटलं, हा काम टाळतोय.

टाळत नव्हता. सर्व्हरवर किती डेटा आहे, हा आकडा एकदाच त्रास देतो. धरा, चार टेराबाइट, म्हणजे चार हजार जीबी. १०० एमबीपीएसची लाइन तासाला जास्तीत जास्त ४५ जीबी नेते, म्हणजे पहिल्या फुल बॅकअपला ८९ तास. जवळजवळ चार दिवस. त्यापेक्षा डिस्क एन्क्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक कुलूप लावून, बॅगेत टाकावी आणि ठाणे लोकल पकडावी. गर्दीच्या वेळीसुद्धा लोकल जिंकते. खरा प्रश्न त्यानंतर रोज रात्रीचा. मग फक्त बदललेलं जातं, आणि ते किती, हे कुणाला ठाऊक नसतं.

(दृश्य : स्क्रीनवर फायलींची यादी.)

मुलानं आधी सोपा मार्ग धरला. चोवीस तासांत तारीख बदललेल्या सगळ्या फायली काढल्या, आकार जोडले. बेरीज अवाढव्य आली. यादीच्या डोक्यावर कोण, तर आउटलुकचे सगळे मेल साठवणाऱ्या भल्यामोठ्या पीएसटी फायली. एक मेल आला तरी अख्ख्या फायलीची तारीख बदलते. पानावर एक टिंब पडलं म्हणून वहीच नवी धरण्यासारखं. उलट, कुणी अख्खं फोल्डर पुसलं तर या यादीत त्याचा मागमूस नाही.

मग त्यानं डिस्कवर दिवसभरात किती लिहिलं गेलं, तो काउंटर पाहिला. त्यातही गोम होती. एकच ब्लॉक, म्हणजे डिस्कचा लहानसा तुकडा, वीस वेळा खोडून लिहिला तर काउंटर वीस मोजतो. रात्री पाठवायचा मात्र एकच, शेवटचा. शिवाय टेम्पररी फायलींची सगळी वर्दळ त्यातच.

उपयोगी पडला तो स्नॅपशॉट. रोज ठरलेल्या वेळी डिस्कचं चित्र गोठवायचं आणि कालच्या-आजच्या चित्रात कोणते ब्लॉक वेगळे आहेत तेवढंच मोजायचं. व्हर्च्युअल मशिन (सॉफ्टवेअरनं उभा केलेला संगणक) असेल तर हे टिपण ठेवण्याची सोय असते. अशी मशिनं चालवणाऱ्या व्हीएमवेअर या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २००९ पासून आहे. काहीच हाताशी नसेल तर महिनाभर इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त बदललेल्याचा, बॅकअप घ्यावा आणि लॉगमधले आकडे वहीत उतरवावेत. माझ्या मते लहान ऑफिसला हाच मार्ग बरा, कारण शेवटी पाठवायचंही तेच असतं.

एक बारकावा इथे बरेच जण चुकवतात. दर तासाच्या बदलांची बेरीज आणि दिवसाचा बदल, हे दोन आकडे जुळत नाहीत. सकाळी बदललेला ब्लॉक दुपारी पुन्हा बदलला तर तासाच्या हिशेबात दोनदा येतो, दिवसाच्या हिशेबात एकदाच. म्हणून बॅकअप ज्या अंतरानं घ्यायचा, मोजायचंही त्याच अंतरानं.

(दृश्य : रविवारची रात्र, रिकामं ऑफिस, अंधारात एक दिवा.)

तक्त्यात पहिला डोंगर दिसला तो सोमवारी सकाळी. रविवारी तर ऑफिसात चिटपाखरू नव्हतं! शोध घेतल्यावर कळलं, रात्री डेटाबेसचे इंडेक्स (नोंदी शोधायच्या सूची) नव्यानं बांधले जातात आणि झिप केलेला डम्प, म्हणजे डेटाबेसची अख्खी प्रत, त्याच डिस्कवर पडतो. हिशेबात एक रुपयाचा फरक नाही, पण ब्लॉक सगळे नवे. डम्पची जागा वेगळ्या डिस्कवर हलवली, तसा डोंगर निम्म्यावर आला.

दुसरे डोंगर माणसांचे. दर महिन्याची ११ तारीख, जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं जीएसटी विवरणपत्र. मग २० तारीख, थ्री-बी, म्हणजे कर भरायचं विवरणपत्र. आदल्या दोन दिवसांत सगळ्या क्लायंटांना एकदम बिलं आठवतात आणि स्कॅनर थंड होत नाही.

सरांनी महिन्याची सरासरी काढली आणि खूश झाले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात १०० एमबीपीएसवरून जास्तीत जास्त ३६० जीबी जाईल. सरासरी त्याच्या कितीतरी खाली.

(दृश्य : पाणी साचलेला रस्ता, उघडं गटार, झेंडा लावलेला बांबू.)

मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेली होती. वर्षभरात एकूण किती पडतो, हे गटार विचारत नाही. या तासात किती, एवढंच विचारतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. त्याच दिवशी कुलाब्यात शंभरही नाही. दोन्हींची सरासरी काढून मिठी नदीकाठच्या माणसाला काय सांगणार?

मुलानं सरासरीवर काट मारली आणि २० तारखेच्या आकड्याभोवती लाल गोल काढला. जुने बॅकअप किती दिवस ठेवायचे, त्या जागेला मात्र सरासरी चालते : रोजचा बदल गुणिले दिवस, अधिक एक फुल. लाइनला चालत नाही.

(दृश्य : टेबलावर चहाचे दोन कप, मधे तक्ता.)

"म्हणजे हा लाल आकडा धरून लाइन घ्यायची?" सरांनी विचारलं.

"सध्या धरू या, सर. पण हा जुलै आहे. टॅक्स ऑडिटचा सप्टेंबर अजून मोजायचाय."

सरांनी कॅलेंडरकडे पाहिलं. "मुदतवाढ मिळाली तर ऑक्टोबरसुद्धा."