तुझ्या आईला मोजलं होतं का?

श्रोतेहो, नमस्कार.

१९२९ सालचा नोव्हेंबर. आग्नेय नायजेरियातल्या ओलोको गावात न्वान्येरुवा नावाची एक विधवा घरी पामच्या फळांचं तेल काढत बसली होती. इंग्रजांनी नेमलेल्या ओकुगो या मुखियाचा माणूस दारात येऊन म्हणाला, तुझ्या शेळ्या, मेंढ्या आणि घरातली माणसं मोज. आदल्या वर्षी पुरुषांवर कर बसला, तोही अशाच एका मोजणीनंतर. न्वान्येरुवाने विचारलं, ‘तुझ्या विधवा आईला मोजलं होतं का?’ शब्दाला शब्द वाढला, आणि तेलाच्या हातांनी तिने त्याचा गळा धरला.

मग ती थेट बायकांच्या बैठकीत गेली. तिथल्या इग्बो समाजात बायकांच्या अशा बैठका जुन्याच. बाजाराचे नियम, नवऱ्यांची मारहाण, सगळं तिथे निघायचं. एखादा पुरुष फारच माजला तर बायका मुसळं घेऊन त्याच्या दारात जमत, रात्रभर गाणी म्हणत, त्याची लाज काढत. प्रसंगी घराचं छप्परही उचकटत. याला म्हणायचं ‘पुरुषावर बसणं’. ओकुगोवरही बायका तशाच बसल्या.

गावोगाव पामची पानं धाडून बोलावणी गेली. हजारो बायका निघाल्या, तोंडाला राख, डोक्याला नेच्याची पानं. सैनिकांनी गोळ्या झाडल्या, पन्नासहून अधिक बायका मेल्या. सरकारी कागदांत याचं नाव ‘आबाची दंगल’, आबा हे तिथलं एक शहर. बायकांनी त्याला नाव दिलं ‘बायकांचं युद्ध’. १८५७ला ‘बंड’ म्हणायचं की स्वातंत्र्ययुद्ध, यात काय पणाला लागतं ते आपण जाणतो. दंगल म्हटलं की बैठका, निरोप, ठराव काहीच दिसत नाही. दिसतो तो फक्त पिसाळलेला जमाव. मला हे खोटं नाव सहन होत नाही.

नंतर झालेल्या सरकारी चौकशीत बायकांनी साक्षी दिल्या. त्यांचं म्हणणं होतं, बाई म्हणजे फळणारं झाड, ते का मोजायचं?

या युद्धानंतर साधारण वर्षभराने, १९३१ साली, इग्बो मुलखातल्याच ओगुटा गावी फ्लोरा न्वापा जन्मली. १९६६ साली तिची ‘एफुरू’ ही इंग्रजी कादंबरी आली. पानोपानी बायकांचं बोलणं आहे त्यात. विहिणी, शेजारणी, व्यापार करणाऱ्या बायका. ती निव्वळ बडबड नव्हे. ज्या बोलण्यातून एक युद्ध उभं राहिलं, तेच हे बोलणं आहे, असं मला वाटतं.

आणि न्वापा त्या फळणाऱ्या झाडाशीही थांबत नाही. एफुरूचं मूल जातं, दोन लग्नं मोडतात, व्यापार मात्र तिला भरभरून देतो. सरोवराची देवी उहामिरी तिला आपली भक्त म्हणून निवडते. ही देवी धन देते, रूप देते. तिला स्वतःला मात्र मूल नाही. मग बायका तिला का पुजतात? कादंबरी या प्रश्नावरच संपते.