पेटी परदेशात उघडते तेव्हा

[दृश्य: नाशिक जिल्ह्यातली थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग. मांडवाखाली हात वर करून घडातले जादा मणी कापून ते विरळणाऱ्या बाया.]

2010 चा हंगाम. महाराष्ट्राची द्राक्षं युरोपात अडकली. मण्यांत सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम. फवारणीच्या नोंदी होत्या, प्रयोगशाळेचे अहवाल होते. पण तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हतं. खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर, वेलीचा जोर आवरायला, काडीत घड धरावा म्हणून ते वापरलं जाई. ते वेलीत मुरून राही आणि काही महिन्यांनी फळात उतरे. ठरलेली सगळी कामं झाली होती. माल मात्र विकला गेला नाही.

निर्यातीची बाग म्हणूनच पेटीपासून मागे आखावी लागते. पेटीत काय हवं? 18 मिलिमीटरचा मणी, किमान 16 ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) गोडी, मर्यादेच्या आतले औषधांचे अंश. आधी काढणीची तारीख धरायची. मग प्रत्येक औषधाचा पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांतले किमान दिवस, उलटे मोजायचे. व्यापारी आठ दिवस आधी दारात आला, तरी हे दिवस भरल्याशिवाय कात्री लावायची नाही.

[दृश्य: विरळणीची कात्री, जवळून.]

खरं नुकसान होतं ते विरळणीत. एकरावर उक्तं काम दिलं, की हात एकर संपवायला पळतात. घडाची टोकं मोकळी दिसतात, पोट घट्टच राहतं. तिथले मणी दाबले जातात, औषध आत पोचत नाही, पिठ्या ढेकूण तिथेच लपतो. दोष बायांचा नाही. आपण पैसे एकराचे मोजतो. त्यापेक्षा घडामागे 100 ते 120 मणी असं सांगावं, एक घड विरळून नमुना म्हणून टांगावा. रोज वेगवेगळ्या ओळींतली 10 झाडं निवडून प्रत्येकी दोन घडांचे मणी मोजावेत. या कामाला वेळ जास्त लागतो, म्हणून मजुरीही जास्त हवी. पावसाने मणी तडकले, तर तो तोटा मजुरीतून कापायचा नाही.

आणि ‘एकरी टन’ हे माप फसवं आहे. टनासाठी घड जास्त ठेवले, की गोडी भरत नाही. मोजायच्या त्या एकरी निर्यातक्षम पेट्या.

[दृश्य: पॅकहाऊस, प्रीकूलिंगची, म्हणजे कंटेनरमध्ये भरण्याआधी माल थंड करायची खोली.]

इथेही तीच चूक होते: काम मोजलं जातं, फळ नाही. वहीत लिहिलं जातं, ‘सहा तास प्रीकूलिंग केलं.’ पण मधल्या पेट्या कोमटच असतात. कंटेनरमध्ये त्यांच्यावर पाणी सुटतं, ओलाव्याने ग्रेपगार्डच्या, म्हणजे बुरशी रोखायला पेटीत ठेवलेल्या कागदातला सल्फर डायऑक्साइड एकदम बाहेर पडतो आणि मणी देठाजवळ पांढरे पडतात. थप्पीच्या मधली पेटी काढून थर्मामीटरची सुई मण्याच्या गरात खुपसायची. आकडा 4 अंश सेल्सिअसच्या खाली गेला, की मगच पुढची हालचाल.