काळ्या दगडाच्या वाटेनं

नमस्कार, श्रोतेहो.

पाऊस ओसरला की घरोघरी चर्चा सुरू होते, यंदा गाडी काढून कुठं जायचं? माझं उत्तर ठरलेलं आहे. छत्रपती संभाजीनगरला मुक्काम टाका आणि तिथून काळ्या दगडाच्या मागोमाग निघा.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि आपलं दख्खनचं पठार घडलं. त्या थिजलेल्या लाव्ह्याचा हा काळा दगड म्हणजे बसाल्ट. पाटा-वरवंटा, जातं, देवळाची पायरी, सगळं या दगडाचं. इतका सवयीचा की त्याच्याकडे आपण बघतच नाही. या वाटेवर मात्र तो बघावाच लागतो.

पहिला थांबा देवगिरी, म्हणजे दौलताबाद. यादवांच्या या राजधानीत डोंगराची कडा तासून सरळ भिंतीसारखी केलेली आहे आणि तिच्या पायथ्याशी कातळातच खंदक खोदलेला आहे. अंधारी नावाच्या भुयारी वाटेसाठी बॅटरी जवळ ठेवा.

तिथून वेरूळ जवळच. एकूण ३४ लेणी आहेत, पण वेळ थोडा असेल तर तो सगळा १६ क्रमांकाला द्या. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात घडलेलं हे कैलास. बहुतेक जण दारातून आत शिरतात आणि मान वर करून बघतात. माझी कळकळीची विनंती आहे, शेजारच्या वाटेनं आधी डोंगरावर चढा आणि वरून खाली बघा. मग कळतं की हे देऊळ बांधलेलं नाही. तीन बाजूंनी खोल चर खणून मधला कातळ सुटा केला आणि शिखरापासून पायाकडे कोरत आणला. बांधकामात चुकलेला दगड काढून दुसरा बसवता येतो. इथं छिन्नीचा एक घाव जास्त पडला, तर दगड परत कुठून आणणार? बडोद्याला सापडलेल्या नवव्या शतकातल्या एका ताम्रपटात म्हटलंय, की हे मंदिर पाहून खुद्द ते घडवणाऱ्या शिल्पकारालाच आश्चर्य वाटलं, हे माझ्या हातून झालं तरी कसं! मला या एका ओळीसाठी वेरूळला पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं.

अजिंठ्याला स्वतंत्र दिवस हवा. गाडी चार किलोमीटर अलीकडे ठेवून बसनं जावं लागतं. पद्मपाणीचं चित्र तुम्ही बघालच. पण २४ क्रमांकाच्या अर्धवट राहिलेल्या लेण्यातही शिरा. तिथं खांब अजून कातळातून पुरते सुटलेले नाहीत, काम थांबलं त्या क्षणी जसे होते तसेच आहेत. आणि दहाव्या लेण्यात १८१९ साली आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं कोरलेलं स्वतःचं नाव आहे. दोनशे वर्षं झाली, ओरखडा गेलेला नाही. मुलांना तो मुद्दाम दाखवा आणि भिंतीला हात न लावण्याचं कारण तिथंच सांगा.

मग जालन्यावरून लोणार. वाटेत सिंदखेडराजा लागतं. वेरूळ भोसल्यांचं, सिंदखेड जाधवांचं, म्हणजे जिजाऊंचं सासर आणि माहेर एकाच प्रवासात होतं. लखुजीराजांच्या समाधीपाशी घटकाभर थांबल्याशिवाय पुढं जाऊ नका.

लोणारला पोचलात की तोच काळा दगड, पण इथं छिन्नी नाही. आकाशातून आलेल्या अशनीनं एका आघातात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर पाडलं. चंद्रावरच्या काळ्या डागांचा खडकही बसाल्टच, म्हणून तिथली विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला येतात. तळ्याचं पाणी खारट, क्षारांनी जड. जून २०२० मध्ये ते चक्क गुलाबी झालं होतं, मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. आणि नवल असं, की याच विवराच्या काठावर गोड्या पाण्याची धार अखंड वाहते.

वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी, एवढं ध्यानात ठेवून दिवस आखा. लोणारला मुक्काम करून पहाटेच उतरायला लागा. झाडीतून खाली कमळजादेवीच्या देवळापाशी पोचाल तेव्हा ऊन अजून वरच्या कडेवरच असतं, आणि तळ्यावर फक्त पाखरांचा आवाज असतो.