टायगरचा हिशेब

[दृश्य: गंगावेशीजवळची गल्ली, संध्याकाळ. पहिल्या मजल्यावरची गॅलरी.]

संध्याकाळ झाली की गंगावेशीतल्या दूधकट्ट्याकडं म्हशी निघतात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळ दुधाचा ग्लास तिथंच हातात द्यायचा, ही कोल्हापूरची जुनी रीत. या गॅलरीतल्या टायगरनं म्हशी जन्मापासून बघितल्यात. तरी पहिली म्हैस कोपऱ्यावर दिसली की तो जाळीला नाक लावतो, कान मागं टाकतो, आणि प्रत्येक भुंकण्यासरशी त्याचे पुढचे पाय फरशीवरून उचलले जातात. चार-पाच किलोचा पांढरा जीव. म्हैस वर बघतसुद्धा नाही, आपल्या चालीनं कट्ट्याकडं जाते.

टायगर मागं वळतो. शेपूट वर. घरात येऊन दोन घोट पाणी पितो. काम फत्ते.

सगळी गोम इथंच आहे. म्हैस जाणारच होती, हे आपल्याला कळतं. टायगरच्या हिशेबात ती त्याच्या भुंकण्यानं गेली. सकाळी पेपरवाला आला, हा भुंकला, पेपरवाला गेला. घंटागाडी गाणं वाजवत आली, हा भुंकला, तीही गेली. कुरिअरवाला तर एकदम दोन-दोन पायऱ्या उतरला. दिवसभर असा विजयच विजय मिळत असेल, तर गप्प कोण बसणार?

[दृश्य: जिना. शेजारचे काका आणि टायगरच्या घरच्या वहिनी.]

“वहिनी, जरा आवरा की त्याला. दुपारची झोप म्हणून नाही राहिली.”

“मी तरी काय करू काका? जेवढं रागावतो तेवढं ते जास्त चढतंय.”

चढणारच. आपण “ए गप्प! गप्प बस म्हणतो ना!” असं ओरडतो, तेव्हा कुत्र्याला शब्द कळत नाहीत, आवाज चढलेला कळतो. म्हणजे घरातली मोठी माणसंही आपल्या बाजूनं भुंकायला लागली, असंच त्याला वाटत असणार.

शिवाय भुंकणं काही जातींच्या रक्तातच आहे, ते माणसानंच मुद्दाम जपलंय. डॅशहाउंड जर्मनीत बिळातल्या बिज्जूची शिकार करायला तयार केला. जमिनीखाली तो कुठं पोचलाय हे वर उभ्या शिकाऱ्याला कळावं, म्हणून एवढ्याशा देहाला तो भरदार आवाज. ल्हासा आप्सो तिबेटच्या मठांत आतला पहारेकरी होता. आपल्याकडं ज्याला सरसकट पॉम म्हणतात, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, आणि स्पिट्झचं कूळही चाहूल लागली की घर जागं करणारं. असा कुत्रा पेठेतल्या घरात, रस्त्यावरच्या गॅलरीत ठेवायचा आणि वर शांततेची अपेक्षा करायची, हा आपलाच उफराटा न्याय.

त्याला ऐकूही आपल्यापेक्षा जास्त येतं. माणसाचा कान साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत, कुत्र्याचा 45,000 च्या आसपास. “उगाच भुंकतंय” असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा त्याला काहीतरी ऐकू आलेलं असतं.

[दृश्य: जनावरांच्या डॉक्टरांचं टेबल. कान तपासणारे हात.]

शिकवण्याआधी मात्र एकदा डॉक्टर. एरवी शांत असलेला कुत्रा अचानक भुंकायला लागला, तर कान दुखत असेल, दात दुखत असेल. म्हातारपणी नजर आणि भान कमी झालं की रात्री-अपरात्री भिंतीकडं बघून भुंकणारेही असतात. लहान जातींची श्वासनलिका नाजूक असते. ओढलं की बदकासारखा खोकला येत असेल, तर गळ्यातला पट्टा सोडा आणि छातीवरचा हार्नेस वापरा. भुंकल्यावर झटका देणारे पट्टे ऑनलाइन मिळतात. ते घेऊ नका. भीतीनं भुंकणाऱ्याला वेदना दिली, की भीती वाढते. आवाज दाबला गेला तरी ती आतच राहते, आणि मग एक दिवस न भुंकता थेट चावा.

[दृश्य: पुन्हा गॅलरी. जाळीच्या खालच्या भागाला हिरवं शेडनेट.]

पहिला उपाय दोरीनं बांधायचा आहे. गॅलरीच्या जाळीला टायगरच्या डोळ्यांच्या वरपर्यंत शेडनेट. म्हैस दिसलीच नाही, तर हाकलायची कुणाला? निम्मा गोंगाट इथंच उतरतो.

दुसरा उपाय चिकाटीचा. दारावरची बेल मोबाइलवर रेकॉर्ड करायची. आधी इतकी हळू वाजवायची की टायगरनं नुसता कान टवकारावा. तो गप्प आहे तेवढ्यात उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. पांढऱ्या रश्श्यातला नको. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी. भुंकला, तर आवाज आपण घाई करून वाढवला होता, एवढाच त्याचा अर्थ. परत कमी करायचा. काही दिवसांनी बेल वाजली की तो दाराकडं पळायच्या ऐवजी वहिनींच्या तोंडाकडं बघायला लागतो.

ताटाजवळ बसून मागण्यासाठी भुंकणं ही वेगळी गोष्ट. तिथं पूर्ण दुर्लक्ष. आणि इथंच घरं हरतात, कारण दुर्लक्ष सुरू केलं की भुंकणं आधी वाढतं. तिसऱ्या दिवशी आजोबा वैतागून भाकरीचा तुकडा टाकतात, आणि कुत्रा शिकतो की एवढा वेळ, एवढ्या जोरात भुंकलं की मिळतं.

रोज सकाळी रंकाळ्यावर फेरी, वास घेत घेत, आपल्या नव्हे त्याच्या गतीनं. दमलेल्या नाकाचा कुत्रा दुपारी झोपतो. गणपतीच्या मिरवणुकीत मात्र शिकवणी बंद: आतली खोली, बंद खिडक्या, पंखा मोठा, जवळ माणूस.

भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भुंकण्याच्या कारणावरून सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही. पण त्याच सूचना मालकालाही सांगतात, की शेजाऱ्यांना, विशेषतः रात्री, त्रास होणार नाही हे बघा. काकांना हे वाचून दाखवण्यापेक्षा वहिनींनी त्यांना कामालाच लावलं. रोज संध्याकाळी येऊन त्यांनी खरी बेल वाजवायची, आणि टायगर गप्प राहिला तरच आत यायचं.

“आणि दोनदा भुंकला तर?”

“दोनदा चालतंय काका. चोर आला तर तुम्हालाच उठवायचंय त्याला.”