‘घरात कुणाला बीपी?’

(दृश्य: दंडावर पट्टा. हवा भरल्याचा आवाज.)

पट्टा गुंडाळता गुंडाळता डॉक्टर विचारतात, “घरात कुणाला बीपी?” आपण म्हणतो, “हो, वडिलांना.” किंवा, “आईला नाही... म्हणजे गोळी चालू आहे, पण आता नॉर्मल असतं.” हे दुसरं उत्तर फार वेळा ऐकू येतं. गोळीने ताब्यात असलेलं बीपीही बीपीच. ते ‘हो’मध्येच धरायचं.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

१९५० आणि ६० च्या दशकांत, बीपी आईवडिलांकडून नेमकं कसं येतं, या प्रश्नावरून ब्रिटनमधल्या दोन नामवंत डॉक्टरांची चांगलीच जुंपली होती. रॉबर्ट प्लॅट म्हणत, उच्च रक्तदाब हा वेगळा आजार आहे आणि तो एखाद्या जनुकातून खाली उतरतो. म्हणजे माणूस एकतर त्यातला, नाहीतर नाही. जॉर्ज पिकरिंग यांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते रक्तदाब उंचीसारखा असतो: कुणाचा थोडा कमी, कुणाचा थोडा जास्त, मध्ये कुठे कुंपण नाही. आईवडिलांकडून येतो तो फक्त कल.

पिकरिंग यांचं म्हणणं टिकलं. रक्तदाबाशी संबंधित अशा हजाराहून जास्त जागा आपल्या जनुकसंचात सापडल्या आहेत, आणि बहुतेकींचा वाटा बीपीच्या आकड्यात एका अंकाइतकाही (म्हणजे पाऱ्याच्या एका मिलिमीटरइतकाही) नाही. एकाच जनुकातल्या दोषाने तरुणपणीच बीपी चढवणारे आजार आहेत, लिडल सिंड्रोमसारखे. पण ते विरळा.

माणसामाणसांतल्या रक्तदाबाच्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३० ते ५० टक्के धरतात. मग उरलेलं? नवराबायकोचं रक्ताचं नातं नसतं, तरी एकाला बीपी असलं की दुसऱ्यालाही असण्याची शक्यता जास्त दिसते. मीठ एकाच भांड्यातलं, जागरणं सारखी, बैठी कामंही बहुधा सारखीच. अर्थात माणसं जोडीदारही आपल्यासारखाच शोधतात, हेही आहेच.

(दृश्य: हृदयाचा आलेख.)

हृदयविकाराचा हिशेब याहून थोडा वेगळा. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ मध्ये ५,२०९ जणांची तपासणी सुरू झाली. १९७१ पासून त्यांची मुलंही त्यात आली. त्यामुळे आईवडिलांच्या आजाराची माहिती मुलांच्या आठवणीवर सोडावी लागली नाही. ती नोंदींतच होती. वडिलांना ५५ च्या आत किंवा आईला ६५ च्या आत हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला असेल, तर मुलग्यांचा धोका सुमारे दुप्पट आढळला. मुलींचा दुपटीपेक्षा थोडा कमी. आणि हे रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान हिशेबात धरल्यानंतर!

म्हणून नुसतं ‘हार्टअटॅक आला होता’ पुरत नाही. कितव्या वर्षी आला, ते हवं. ८२ व्या वर्षी गेलेले आजोबा आणि ४६ व्या वर्षी गेलेले काका एकाच रकान्यात बसत नाहीत. ‘झोपेतच गेले’, ‘अचानक गेले’ असं घरात म्हटलं जातं, तेव्हा वय जरूर विचारावं. आईवडील आणि सख्खी भावंडं आधी; बाकीचे नातेवाईक नंतर.

घरात लवकरचं बीपी असेल, तर विशीपासूनच वर्षाकाठी मोजून घ्यावं. डोकं दुखण्याची वाट पाहू नये. बहुतेकांना वाढलेलं बीपी जाणवतच नाही.

आणि एकदा दिलेलं उत्तर कायमचं नसतं. भावाला ४८ व्या वर्षी स्टेंट बसला, तर दहा वर्षांपूर्वी फाइलवर लिहिलेलं तुमचं ‘नाही’ त्या दिवशी जुनं झालं. पुढच्या भेटीत ते बदलून घ्यायचं.